चावताना दाढेत कळ येते? तडा गेलाय का ते असं ओळखा

घास दाबताना फारसं काही नाही, पण दाब सुटला की क्षणभर करंट लागल्यासारखी कळ येते, गार पाण्याने झिणझिणतं आणि नेमकी कुठली दाढ ते बोट ठेवून सांगता येत नाही, असं होत असेल तर दाढेला तडा गेला असू शकतो. मग चार दिवस काहीच दुखत नाही आणि लोक इथेच फसतात, बरं झालं समजतात. अहो, हाड जुळतं तसा दात जुळत नाही, तडा हळूहळू खाली सरकत राहतो.

कारणं म्हणाल तर आपल्या इंदूरात हाताशीच आहेत. जेवण झालं की कडक सुपारी दाढेखाली फोडणं, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत कढईतला गरमागरम गराडू (तळलेला कंद) खाल्ला की लगेच बर्फ कडाकडा चावणं. शिवाय झोपेत दात खाण्याची सवय, जुनं मोठं फिलिंग, आणि रूट कॅनाल करून कॅप न बसवलेली दाढ, ती तर फार लवकर फुटते, त्यामुळे कॅपचे पैसे वाचवू नका प्लीज.

डॉक्टरकडे जायच्या आधी बघून ठेवा, कळ चावताना येते की सोडताना, आणि गार लागलं तर लगेच थांबते की ठणकत राहते. एक्स-रेत तडा बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून एक्स-रे क्लीन आला तरी "दाढेच्या एकेका टोकावर चावून बघायची टेस्ट करा" असं स्पष्ट सांगा, लाइट टाकूनही तडा दिसतो.

पुढच्या दातांवरच्या बारीक रेघांना सहसा काही करावं लागत नाही. टोक उडालं असेल तर फिलिंग किंवा कॅप. गारचा त्रास पटकन थांबत असेल तर नुसत्या कॅपवर भागू शकतं, ठणका रेंगाळत असेल किंवा रात्री उठवत असेल तर आधी रूट कॅनाल मग कॅप, आणि दाढ हिरडीखालपर्यंत दुभंगली तर बहुतेक वेळा काढावीच लागते, म्हणूनच लवकर जा म्हणतेय. दात खात असाल तर रात्री लावायचा नाइट गार्ड करून घ्या.

तोवर दुसऱ्या बाजूने चावा, कोमट मीठपाण्याच्या गुळण्या करा, दुखण्याची गोळी हिरडीवर ठेवू नका, गिळायची असते. खर्चाचं टेन्शन असेल तर एम. वाय. हॉस्पिटलजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आहेच. गालाला सूज किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी दाखवा.