इलेक्ट्रॉनचा जी-गुणक 2 का येत नाही? ईएसआर प्रयोगातील या चुका टाळा

डीपीपीएच या अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या चिमूटभर भुकटीवरून इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय परिबलाचा अंदाज घेण्याचा ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) प्रयोग एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत असतो. जी-गुणक, म्हणजे हे परिबल किती ते सांगणारी संख्या, 2.0036 च्या आसपास आला नाही की विद्यार्थी सगळी रीडिंग पुन्हा घेऊ लागतात. त्याआधी चुकलेल्या उत्तराकडेच नीट पाहावे, कारण चूक कुठली हे बहुधा तोच आकडा सांगतो.

उत्तर 2.8 आले असेल, तर अ‍ॅमीटर आरएमएस (शिखराच्या सुमारे 0.7 पट) प्रवाह दाखवतो हे विसरून तेच शिखरमूल्य समजले गेले आहे. 4 आले, तर हेल्महोल्ट्झ कॉइलच्या (चुंबकीय क्षेत्र देणाऱ्या दोन समांतर कॉइलच्या जोडीच्या) त्रिज्येच्या जागी व्यास पडला आहे. 1 च्या जवळ आले, तर दोन गोष्टी तपासाव्यात: सूत्रात एका कॉइलचे वेढे हवे असताना दोन्हींचे मिळून घातले आहेत का, आणि सीआरओच्या (ऑसिलोस्कोपच्या) पडद्यावरील दोन शिखरांमधले अंतर निम्मे करायचे राहिले आहे का.

उत्तर सात-आठ टक्केच हुकले असेल, तर शोध सूत्राबाहेर घ्यावा लागतो. 14 मेगाहर्ट्झला अनुस्पंदन (ज्यामुळे शिखर दिसते तो रेझोनन्स) सुमारे 5 गॉसला मिळते आणि पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक नागपुरात सुमारे 0.4 गॉस आहे. त्यामुळे कॉइलचा अक्ष उत्तर-दक्षिण असताना पडद्याच्या मध्यापासून एकाच शिखराचे अंतर मोजले, तर आठेक टक्क्यांची चूक तिथेच होते. दोन शिखरांमधले अंतर मोजून निम्मे केल्यास ती उरत नाही, कारण हे क्षेत्र दोन्ही शिखरांना एकाच दिशेला सरकवते. अक्ष पूर्व-पश्चिम ठेवणे अधिक चांगले.

उन्हाळ्यात आणखी एक भर पडते ती कूलरची. त्याची मोटर कॉइलला खेटून असेल, तर तिचे 50 हर्ट्झचे क्षेत्र कॉइलच्या तेवढ्याच वारंवारतेच्या क्षेत्रात मिसळते, आणि आकृती पडद्यावर स्थिर दिसत असल्याने संशयही येत नाही. कूलर क्षणभर बंद करून शिखरे सरकतात का, ते पाहावे. ऑसिलेटर (रेडिओ-वारंवारता देणारे मंडल) तापून स्थिरावल्यावरच वारंवारता नोंदवावी.

शेवटी, जर्नलमध्ये 2.0023 लिहू नये. तो मुक्त इलेक्ट्रॉनचा आकडा आहे, शिवाय पडद्यावरच्या चौकटी मोजून दुसरा दशांशसुद्धा खात्रीचा मिळत नाही. बाहेरचे परीक्षक असे उत्तर दिसले की आधी कच्ची वही मागतात.