हर्णैची मासळी पुण्यापर्यंत नेताना

दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर मासळी घ्यायला जायचं तर गाडी, सुटे पैसे, पिशव्या हे सगळ्यांना कळतं, त्यावर शब्द घालवत नाही. सुरुवात खोक्यापासून. थर्माकोलचा घ्या नाहीतर जाड प्लास्टिकचा आइसबॉक्स घ्या, पण तळाला पाणी जायला भोक हवं आणि ते उघडं हवं. बूच असेल तर घरीच काढून ठेवा. गेल्या खेपेला ते लावलेलंच राहिलं. बर्फ भरपूर होता, बांगडा डोळ्यांसमोर उतरलेला होता, तरी घरी झाकण उघडलं तेव्हा लालसर पाण्यात सगळा बिळबिळीत झालेला. पोटं फुटलेली, बोट लावलं की मांस काट्यावरून सुटत होतं. म्हणून सांगतो, पाणी जाऊ द्या.

बर्फ मासळीच्या वजनाइतका. पाच किलो मासळी, पाच किलो बर्फ, आणि एप्रिल-मे असेल तर आणखी. लादी गोणपाटात घालून बारीक चुरा करून घ्या. मोठे खडे मासळीला टोचतात आणि मधे पोकळी राहते, तिथे गारवा पोचत नाही. बर्फ आधी खोक्यात, मगच किनाऱ्यावरच्या मासळीच्या लिलावाकडे वळा. मासळी हातात घेऊन बर्फ शोधत वाळूत फिरू नका, तेवढ्या उन्हात बांगड्याचं नुकसान होऊन जातं. (१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या दिवसांत बेतच आखू नका.)

घेताना काय बघायचं ते थोडक्यात: कल्ले लालभडक, डोळा फुगीर, बांगडा आडवा धरला तर ताठ.

साफ तिथेच करून घ्या, पण तुकडे करू नका. सुरमईचे कल्ले आणि पोटातलं सगळं काढायला सांगा, मणक्याला चिकटलेलं काळपट रक्तसुद्धा. बांगडा खाऊन भरलेला असला की पोटातले रस पोटाचीच भिंत पचवायला लागतात, म्हणून तोही साफ. गाबोळी (माशाची अंडी) वेगळ्या डब्यात, ती फेकू देऊ नका. धुवायला बंदरातलं पाणी अजिबात नको, घरून स्वच्छ पाण्याचा कॅन न्या. तुकडे घरी. कापलेली बाजू लवकर बिघडते आणि वितळलेलं पाणी तिची चव ओढून घेतं.

आता भरणं. खाली बर्फाचा थर, त्यावर मासळी पोट खाली करून, म्हणजे पोटात पाणी साचत नाही. मग पुन्हा बर्फ, पुन्हा मासळी, वर जाड बर्फ. बर्फ वितळताना उष्णता ओढतो, त्यामुळे ते गार पाणी मासळीवरून ओघळलं तर चांगलंच. ओघळून साचलं की मात्र वाईट, कारण त्यात रक्त, चिकटा आणि जंतू असतात आणि खालचा थर त्यातच बुडून राहतो. बोटीवर खाऱ्या पाण्यात बर्फ घालून मासळी गार करतात, ती गोष्ट वेगळी. ते पाणी शून्याखाली जातं आणि बदललं जातं. तुमच्या डिकीत तसं होणार नाही. भोकाखाली परात ठेवा, डिकीला लागलेला वास सहजी जात नाही. भोक पाडायचंच नसेल तर तळाला जाळी घाला आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर पाणी ओता. प्रत्येक थांब्यावर. महाडला चहा प्यायचा असेल तर आधी पाणी.

बांगडा आणि कुपा (ट्यूना) यांच्याबाबत जास्त सांभाळा. ही मासळी उबेला राहिली की तिच्यात हिस्टामाइन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं आणि ते शिजवून, तळून जात नाही. तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. वास चांगला आहे म्हणून खाल्लं, असं चालत नाही.

तिसऱ्या (शिंपल्या) घेतल्या तर त्या बर्फात गाडू नका, गोड्या पाण्यात मरतात. ओल्या फडक्यात, गार जागी, वेगळ्या. बोंबील त्याच दिवशी खा. कोळंबीची डोकी काढून आणा.

घरी पोचल्यावर खोका तसाच ठेवून झोपू नका. पाणी आधी बघा. उद्या खायची ती मासळी फ्रीजमध्ये जाळीवर, खाली ताट. घरचा फ्रीज साधारण ४-५ अंशांवर असतो, बर्फाइतका गार नाही, म्हणून दोन दिवसांच्या आत संपवा. फ्रीझरला सुरमई चालते, हवा काढून घट्ट बांधून. बांगडा तेलकट, महिन्याभरात खवट लागायला लागतो. गोठलेली मासळी रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवा, ओट्यावर नाही. आणि तिच्याखालीही जाळी, सुटलेलं पाणी खाली जायला हवं.