वासराचे पुढचे पाय आखडलेले असतील तर

जन्मलेलं वासरू पुढचे पाय घोट्यात मुडपून, खुराच्या पुढच्या बाजूवर उभं राहत असेल तर घाबरू नका. बहुतेकदा पायामागच्या शिरा (कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर; रक्ताच्या नाहीत) आखडलेल्या असतात. आधी चीक पाजा. उभं राहता येत नसेल तर चीक काढून बाटलीने, पहिल्या दोन-तीन तासांतच. पायाचं नंतर बघता येतं, चिकाचं नाही.

पाय हाताने हळूहळू सरळ होत असेल तर दिवसातून चार-पाच वेळा ताण द्या आणि कोरड्या, न घसरणाऱ्या जमिनीवर चालू द्या. दोन-तीन दिवसांत फरक नसेल तर आधार बांधावा लागतो. पीव्हीसी पाईप उभा चिरून अर्धा घ्या, कडा घासा, पायाला कापसाचा जाड थर गुंडाळा आणि मगच त्यावर पाईप ठेवून पट्टी बांधा. बांबूची कामटी सुतळीने थेट कातडीवर आवळलेली पाहिली की जीव तुटतो. त्याने रक्तपुरवठा थांबून पायच जातो. आधार रोज सोडून सूज, जखम तपासा. पहिल्यांदा पशुवैद्यकाकडूनच बांधून घ्या.

हाताने पाय सरळ होतच नसेल, तर शस्त्रक्रियेचं लवकर विचारा. सांधा गरम आणि सुजलेला असेल तर तो बहुधा नाळेतून आलेला संसर्ग. तिथे ताण देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.