ब्रेक दाबलेला मागच्याला कळला पाहिजे: टेल लाइटमध्ये घरच्या घरी एलईडी

रात्रीचे नऊ वाजलेले, मी स्टिअरिंगवर आणि लेक गाडीच्या मागे उभी. टेल लाइट लावून ठेवले होते.

"दाबला बघ ब्रेक."

"कधी?"

पुन्हा दाबला. सोडला. दाबला.

"बाबा, तू खरंच दाबतोयस ना?"

उतरलो, तिला पेडलवर पाय ठेवायला बसवलं आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिलो. टेल लाइट एवढे लखलखीत, की डोळे दिपावेत. आणि ब्रेक दाबला की त्यात जरासा, अगदी नखभर फरक. दुपारी मोठ्या हौसेने बसवलेले ते दोन एलईडी बल्ब अर्ध्या तासात परत खोक्यात गेले. गाडी लांबून छान दिसत होती यात शंका नाही. पण मागून येणाऱ्याला मी थांबतोय हे कळत नव्हतं, आणि मागच्या लाल दिव्याचं मुख्य काम तर तेच.

तेव्हापासून मी एलईडी घेताना किती उजेड पडतो ते नंतर बघतो. आधी बघतो टेल आणि ब्रेक यांच्या उजेडातला फरक.

जुना बल्ब हातात घेऊन उजेडाकडे धरा. बऱ्याच गाड्यांत मागे पी२१/५डब्ल्यू हा बल्ब असतो. काचेच्या आत दोन तारा दिसतील: एक २१ वॉटची, ती ब्रेकची, दुसरी ५ वॉटची, ती टेलची. उजेड मोजला तर मोठी तार सुमारे ४४० ल्यूमेन देते आणि छोटी सुमारे ३५. म्हणजे बारा पटींच्या वर फरक. हा फरक बल्बातच बसवलेला आहे, म्हणून जुन्या बल्बांबाबत कुणाला विचार करावा लागला नाही. एलईडी बल्बात मात्र हा फरक बनवणाऱ्याच्या मर्जीवर. खोक्यावर आकडा छापतात तो ब्रेकचा, आणि तोही फुगवलेला. टेलला किती उजेड देतो हे सहसा कुठेच लिहिलेलं नसतं.

ते घरी काढता येतं. बंद पडलेल्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्या. अडॅप्टरचा वजा बल्बच्या धातूच्या अंगाला, अधिक मल्टिमीटरमधून बुडाच्या एका ठिपक्याला. करंट वाचा, मग दुसऱ्या ठिपक्याला लावा. माझ्या फसलेल्या बल्बने टेलला ०.१२ अँपिअर घेतला आणि ब्रेकला ०.३०. अडीच पट. आता गाडीत आहेत ते टेलला ०.०३ आणि ब्रेकला ०.३२ घेतात. उजेड करंटच्या अगदी प्रमाणात वाढत नाही, पण अंदाज बांधायला एवढं पुरतं. टेल-ब्रेक एकत्र असलेल्या दिव्यासाठी नियमांमधेही किमान पाच पट फरकाची अट आढळते. मी त्यापेक्षा बराच जास्त बघतो. मल्टिमीटर नसेल तर निदान दोन्ही उजेड भिंतीवर पाडून बघा. टेलवर असताना बल्बकडे सरळ बघवत नसेल तर तो नकोच.

रंगाचं म्हणाल तर लाल काचेमागे लाल एलईडी. "पांढरा घ्या, काच लाल आहेच की," हा सल्ला मला तिघांनी दिला. साध्या बल्बाला तो लागू होतो, कारण तापलेल्या तारेच्या उजेडात लाल भरपूर असतो. पांढऱ्या एलईडीचं तसं नाही. तो मुळात निळा एलईडी, वर पिवळसर लेप. त्याच्या उजेडात लाल कमी. लाल काच निळा-हिरवा भाग गिळून टाकते आणि बाहेर येतो तो फिका, कधीकधी गुलाबी छटेचा उजेड. लाल एलईडीचा जवळजवळ सगळा उजेड काचेतून पार होतो. एक अपवाद: काही गाड्यांत नंबर प्लेटवरचा उजेड टेल लॅम्पच्याच खालच्या पारदर्शक खिडकीतून पडतो. तिथे लाल बल्ब लावला तर नंबर प्लेट लाल दिसेल. तेव्हा लॅम्प खालूनही बघून घ्या.

आकाराकडेही लक्ष असू द्या. लॅम्पमागची चकचकीत वाटी फिलामेंटच्या, म्हणजे बल्बातल्या तारेच्या, जागेचा हिशोब करून बनवलेली असते. तार नेमकी जिथे असते तिथूनच उजेड निघाला तर वाटी तो नीट पसरवते. ज्या एलईडीचे सगळे चिप फक्त टोकाला, पुढे तोंड करून असतात, त्याने काचेच्या मधोमध एक जळजळीत ठिपका पडतो आणि बाकी लॅम्प अंधारात. म्हणून चिप चहूबाजूंनी असलेला, आणि जुन्या बल्बशेजारी उभा धरला तर चिप तारेच्याच उंचीवर येणारा बल्ब निवडा.

आता खोलायचं काम. लाइट बंद, चावी काढलेली. जुना बल्ब नुकताच जळत असेल तर दहा मिनिटं थांबा, काच चांगलीच चटका देते. बहुतेक गाड्यांत डिकी उघडली की लॅम्पच्या कडेला दोन स्क्रू किंवा आतून दोन नट दिसतात. माझ्या गाडीला दहा नंबरचा पाना लागतो, काहींना आठ. नट काढल्यावर लॅम्प लगेच हातात येत नाही, कारण बाहेरच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुंट्या पत्र्यात अडकलेल्या असतात. इथे पेचकस घालून उचकटू नका, रंग उडतो. दोन्ही हातांनी लॅम्प धरून सरळ मागच्या दिशेने, अंगाकडे ओढा. "टक्" असा आवाज येतो, छातीत धस्स होतं, पण तो खुंटी सुटल्याचा आवाज असतो. पत्र्यावर आधी एक जुना टॉवेल टाकून ठेवा.

होल्डर चतकोर फिरवला की बाहेर येतो. बल्ब आत दाबून डावीकडे वळवायचा. आता जरा थांबून त्या होल्डरमध्ये टॉर्च मारा. माझ्या डाव्या होल्डरमध्ये पितळेच्या पट्टीवर हिरवी बुरशीसारखी पूड साचली होती. तो बल्ब गेली दोन वर्षं मंद जळायचा आणि मी बल्बला शिव्या घालायचो. बारीक पॉलिश पेपरच्या कपट्याने ती पट्टी घासली, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, फडक्याने पुसलं आणि कुतूहल म्हणून जुनाच बल्ब परत लावला. उजव्यापेक्षा डावा जास्त पेटला! तुमचीही तक्रार "टेल लाइट मंद आहेत" एवढीच असेल तर आधी हे करा, लॅम्पची काच आतून-बाहेरून धुवा, अर्थिंगचा स्क्रू घट्ट करा. कदाचित एलईडीची गरजच उरणार नाही.

नवा बल्ब बसवताना पिना बघा. दोन फिलामेंटच्या बल्बाच्या अंगावरच्या दोन पिना एका उंचीवर नसतात, एक जरा वर, एक जरा खाली. ते मुद्दाम आहे, बल्ब एकाच बाजूने बसावा म्हणून. बसत नसेल तर उलटा फिरवून बघा, जोर लावू नका. होल्डर सैल झालेला असला तर चुकीच्या बाजूनेही घुसतो आणि मग टेल लावले की ब्रेकचा उजेड, ब्रेक दाबला की टेलचा. एकाच फिलामेंटच्या पी२१डब्ल्यूच्या पिना समान उंचीच्या असतात. नंबर प्लेटचा डब्ल्यू५डब्ल्यू पिनांचा नसतोच, नुसता खोचायचा. तो पेटला नाही तर खराब म्हणून टाकू नका. एलईडीला अधिक-वजा कळतं. काढा, अर्धा फिरवा, पुन्हा खोचा.

लॅम्प परत कसण्याआधी चाचणी. फक्त टेल, फक्त ब्रेक, मग दोन्ही. त्यानंतर एक गोष्ट आवर्जून करा: सगळे लाइट बंद ठेवून फक्त ब्रेक दाबा आणि नंबर प्लेटचा दिवा बघा. तो मिणमिणत असेल तर बल्बच्या आतून ब्रेकचा करंट टेलच्या वायरमध्ये उलटा झिरपतोय. हलक्या प्रतीच्या बल्बांत हे होतं. असा बल्ब परत करा. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यातूनही एकदा टेल लाइट बघा. काही गाड्यांत टेलसाठी वेगळी तार नसते. गाडीचा कंट्रोलर एकाच फिलामेंटला वेगाने चालू-बंद करून मंद जाळतो. तार तेवढ्या वेळात थंड होत नाही म्हणून डोळ्याला स्थिर दिसते, एलईडी मात्र खरोखर विझतो-पेटतो. कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसतील. नुसते पट्टे असतील तर चालतं, पण डोळ्यालाही लुकलुक दिसली तर त्या गाडीला तो बल्ब नाही. बंद फिलामेंट तपासायला बारीक करंट सोडणाऱ्या गाड्यांत असंही होतं, की लाइट बंद करूनही एलईडी भुतासारखा मंद तेवत राहतो. त्यासाठी आत रेझिस्टर घातलेले, खोक्यावर "कॅनबस" लिहिलेले बल्ब मिळतात. ते जास्त तापतात, म्हणून मी गरज असेल तरच घेतो.

इंडिकेटरला हात लावू नका. खरंच. मी लावला होता. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर खातो, एलईडी त्याचा पाचवा-सहावा हिस्सा. गाडीला वाटतं बल्ब उडाला आणि इंडिकेटर दुप्पट वेगाने टकटकायला लागतो. त्यावर उपाय म्हणून सोनेरी अंगाचा ६ ओहमचा रेझिस्टर समांतर जोडतात, म्हणजे वाचवलेली वीज उष्णता करून फेकून द्यायची. १४ व्होल्टला इंडिकेटर पेटलेला असताना तो सुमारे ३३ वॉट खातो. मी तो डबल टेपने डिकीच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला चिकटवला, कारण पत्रा हाताला येत नव्हता. पंधरा दिवसांनी पंक्चर झालं, चाक बदलायला वेळ लागला, चारही इंडिकेटर टकटकत ठेवले होते. स्टेपनी काढायला डिकीत वाकलो तर जळका वास. आवरण मऊ होऊन त्यावर रेझिस्टरचा पूर्ण ठसा उमटला होता, पंखांच्या रेघांसकट. तो ठसा अजून आहे. रेझिस्टर लावायचाच असेल तर उघड्या पत्र्यावर, स्क्रूने, तारांपासून लांब. पण पिवळा उजेड आधीच उठून दिसतो, मिळवायचं काय ते मला तरी कळलं नाही. आता तिथे साधे बल्ब आहेत.

ब्रेकच्या बाबतीत मात्र एक खरा फायदा आहे. फिलामेंट तापून पूर्ण उजेडाला यायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. एलईडी लगेच पेटतो. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात गाडी साडेपाच मीटर जाते. मागच्याला तेवढं अंतर जास्त मिळतं. उलट बाजूही सांगतो: साध्या बल्बाची उष्णता काचेवरचं बर्फ वितळवते, एलईडीची काचेपर्यंत पोचत नाही. बर्फ पडणाऱ्या भागात काच हाताने झाडावी लागते.

कायद्याचं काम थोडं अवघड आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. लॅम्पला मंजुरी मिळते ती ठरावीक प्रकारच्या बल्बसह. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत फिलामेंट बल्ब ३७ क्रमांकाच्या नियमात येतात आणि एलईडी १२८ क्रमांकाच्या. एकाच्या जागी दुसरा घातला की कागदावर ती मंजुरी राहत नाही, आणि अनेक देशांत गाडी तपासणीत अडकते. तेव्हा बल्ब घेण्याआधी आपल्याकडचा नियम वाचा. तो नाही म्हणत असेल तर एलईडीसाठीच बनवलेला, मंजूर असा पूर्ण लॅम्प तुमच्या मॉडेलला मिळतो का ते बघा.

सगळं झाल्यावर रबराची गॅस्केट आपल्या खाचेत बसली आहे ना ते बोटाने चाचपा. ती दुमडली तर पहिल्याच पावसात लॅम्पमध्ये पाणी. नट हाताने बसवा, पान्याने फक्त शेवटचा पाव वळसा. जास्त आवळलं तर प्लॅस्टिकचा खांब तडकतो.

दुसऱ्या वेळी लेक तीस पावलं मागे जाऊन उभी राहिली. मी मुद्दाम काही न सांगता ब्रेक दाबत गेलो आणि ती लांबून ओरडून मोजत होती. सात वेळा दाबला, तिने सात मोजले. मग दिवसा, भर उन्हात तेच पुन्हा केलं, कारण दुपारच्या उजेडात टेल आणि ब्रेक वेगळे दिसणं रात्रीपेक्षा कठीण. तेव्हाही सात. जुने दोन बल्ब फडक्यात गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवले आहेत, दहा नंबरच्या पान्यासोबत.