शाळकरी मुलांमधील दृष्टिदोष कसा ओळखावा
आपल्याला दिसते तसेच सर्वांना दिसत असावे, असा समज असल्याने मूल स्वतःहून तक्रार क्वचितच करते. म्हणून फळ्याकडे डोळे बारीक करून पाहणे, पुस्तक नाकाशी धरणे, मान तिरकी ठेवणे, वाचताना ओळ सुटणे किंवा अभ्यासानंतर कपाळ दुखणे यांकडे पालकांनी लक्ष द्यावे. एकाच डोळ्यातील दोष सर्वांत फसवा, कारण चांगला डोळा तो झाकून नेतो. त्यासाठी एकेक डोळा तळहाताने, न दाबता, झाकून दूरची अक्षरे वाचायला लावावीत. फरक जाणवल्यास, आणि न जाणवताही लक्षणे टिकून असल्यास, नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. आळशी डोळ्यावरील (मेंदू ज्याचा वापर टाळू लागल्याने ज्याची नजर कमी राहते अशा डोळ्यावरील) उपचार वयाच्या ७ वर्षांच्या आत सुरू झाल्यास अधिक परिणामकारक ठरतात. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर मात्र विलंब न करता दाखवावे.