हँड-फूट-माउथ झालंय? आधी तोंडाकडे बघा

तळहात-तळपायांवरचे लाल फोड बघून घरचे घाबरतात, पण मुलाला खरा त्रास होतो तो तोंडातल्या फोडांचा. गिळताना झोंबतं म्हणून मूल पाणी पिणंच सोडतं, आणि दवाखान्यात भरती करायची वेळ आली तर ती बहुतेकदा त्यामुळेच येते. आजार विषाणूचा आहे, त्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. 7 ते 10 दिवसांत आपोआप बरा होतो. (जनावरांच्या लाळ्या-खुरकूताशी याचा काही संबंध नाही.)

ताप उतरवण्याइतकंच पॅरासिटामॉलचं दुसरं काम म्हणजे दुखणं कमी करणं. म्हणून ताप नसला तरी मूल दुखण्यामुळे खात-पीत नसेल, तर डोस द्या आणि अर्ध्या तासाने पाजायला-भरवायला घ्या. मात्रा वजनावर ठरते: किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत 4 ते 6 तासांचं अंतर, 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. 10 किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम लागतं. बाटलीवर ‘5 मिलीत 250’ लिहिलं असेल तर 3 मिली. ‘5 मिलीत 120’ असेल तर सव्वासहा मिली. घोळ होतो तो इथेच. लहान बाळांच्या थेंबांच्या बाटलीत 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम असतं. त्यातलं 6 मिली दिलं, तर चौपट औषध पोटात जातं. शिवाय सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल असतं, ती सोबत देऊ नका. अ‍ॅस्पिरिन तर नाहीच.

पाजताना ‘थोडं पण सारखं’ हे सूत्र. सुईविना सिरिंजने 5 मिली ओआरएस किंवा थंड दूध गालाच्या आतल्या बाजूला सोडा, दर दोन-तीन मिनिटांनी. जिभेवर सोडलं तर फोडांना लागतं आणि मूल पुढचा घोट घेतच नाही. बाटलीच्या निपलनेही दुखतं, त्यापेक्षा वाटी-चमचा बरा. अंगावर पाजत असाल तर चालू ठेवा. थंड दही, आइस्क्रीम बिनधास्त द्या. आंबट रस, खारट आणि गरम पदार्थ टाळा. दोन-तीन दिवस जेवण कमी गेलं तरी चालतं, पाणी कमी जाऊन चालत नाही. तोंड बधिर करणारी जेल स्वतःच्या मनाने लावू नका. दोन वर्षांखालच्या मुलांत ती धोक्याची ठरू शकते.

अंगावरचे फोड फोडू नका. विष्ठेतून विषाणू काही आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून डायपर बदलल्यावर हात साबणानेच धुवा; सॅनिटायझरला हा विषाणू सहसा दाद देत नाही.

8 तास शू झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, ताप तीन दिवसांनंतरही टिकून आहे, असं असेल तर डॉक्टरांकडे जा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर वाट बघूच नका. झोपेत वारंवार दचकून हातपाय झटकणं, तोल जाणं, सारख्या उलट्या, हाक मारूनही नीट न जागणं ही मेंदूपर्यंत त्रास पोचल्याची लक्षणं असू शकतात; रात्र असली तरी निघा.

बरं झाल्यावर काही आठवड्यांनी एखादं नख मुळापासून सुटून येतं. ते दुखत नाही आणि खालून नवं येत असतं. ओढू नका; कपड्यात अडकत असेल तर सुटलेला भाग तेवढा कापा.