कडू स्टॉक आणि कोबीचा दांडा

भाज्यांची देठं आठवडाभर फ्रीजरमधल्या डब्यात साठवायची आणि रविवारी स्टॉक, म्हणजे भाज्या उकळून गाळलेलं पाणी, करायचा, असा माझा बेत. पहिला झाला तो कडूजहर. वर घरभर असा वास, की शेजारच्या काकू विचारायला आल्या, "अगं, गॅस लीक होतोय का?"

चूक माझीच. कोबीचा दांडा, फ्लॉवरचे देठ बिनधास्त टाकले होते. जास्त उकळले की ते गंधकासारखा वास सोडतात. त्यात मटणाच्या रश्श्यासारखं दोन तास रटरटवलं. हाडांना तेवढा वेळ लागतो, गाजराला कशाला?

आता दीड लिटर गार पाण्यात 1 मोठा कांदा, 2 गाजरं, 1 टोमॅटो, कोथिंबिरीच्या काड्या, चार-पाच मिरी, तमालपत्र. कांद्याचं एखादं साल, रंगापुरतं; मूठभर टाकलं की पुन्हा कडवट. मंद आचेवर, जेमतेम बुडबुडे येत, पाऊण तास. गाळताना भाज्या दाबायच्या नाहीत, गढूळ होतं (मी एकदा पुरणासारखं दाबून पाहिलंय). मीठ अजिबात नाही, ते ज्यात वापरू त्यात. उरलेला बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते.

काल मसालेभातात पाण्याऐवजी तोच घातला. वाटीभर काकूंकडेही गेला.